दुपट्ट्याखालचा हात

मंडळाच्या चिटणीसबाईंनी या वर्षीच्या स्मरणिकेसाठी मजकडे लेख मागितला आणि वर "काहीतरी ऐतिहासिक लिहा" अशी अटही घातली. इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. माझ्यापुढे मात्र एक हात उभा राहिला. तो हात एका मळकट दुपट्ट्याखाली झाकलेला होता आणि तो काय बोलत होता हे मला व माझ्या मायला कळत नव्हते. न बोलता बोलण्याची जी रीत आपण रोज पाळतो, तिचा आपल्या भागातला इतिहास जमेल तसा सांगावा, असे म्हणून लिहावयास बसले आहे. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

आपले वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. ही शाखा सर्वसेन राजाने स्थापिली आणि त्याचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट आपल्या वाशिमातच १९३९ साली उजेडात आला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९६३ साली वाकाटकांचे सारे लेख एका मोठ्या ग्रंथात एकत्र केले, तेव्हा या शाखेचा इतिहास सर्वांना एका ठिकाणी वाचावयास मिळाला. राजशेखर नावाचा कवी व साहित्यशास्त्री सुमारे हजार-अकराशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याच्या 'काव्यमीमांसा' या ग्रंथात वत्सगुल्माची एक मोठी गमतीची कथा आहे. काव्यपुरुष रुसून घर सोडून निघतो. त्याला वश करण्यासाठी गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते. ती त्याच्या मागोमाग देशोदेशी हिंडते. प्रत्येक देशात तिचा वेश निराळा, हालचाल निराळी, बोलणे निराळे. शेवटी विदर्भात येऊन तो पुरता भाळतो आणि दोघांचे लग्न लागते ते वत्सगुल्म नगरात! म्हणजे आपल्या गावी. वेश, विलास आणि वचन अशा तीन गोष्टींनी तिने त्याला जिंकले, आणि त्या तिहींपैकी दोहोंत शब्द नाही, हे माझ्या मनात फार दिवस घोळत आहे. (राजशेखराची पत्नी अवंतिसुंदरी हीही विदुषी होती व तिची मते त्याने ग्रंथात आदराने नोंदली आहेत. हे येथे सांगण्याचे काही कारण नाही, पण महिला मंडळाच्या स्मरणिकेत सांगू नये तर कोठे सांगावे?)

याच वत्सगुल्माच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव. अजिंठ्याचे सोळा क्रमांकाचे लेणे त्याने कोरविले. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील ही गोष्ट. तेथे त्याचा शिलालेख आहे. आपल्यापैकी अनेकींनी सहलीत हे लेणे पाहिले असेल. आत एका भिंतीवर एक राजस्त्री शय्येवर कोसळलेली आहे. मान कलली आहे, डोळे अर्धे मिटले आहेत, बोटे सैल पडली आहेत. एक दासी मागून आधार देते आहे, एकीने तिचा हात हाती धरला आहे, एक वारा घालते आहे. मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्ससाहेब १८७२ पासून पुढे अनेक वर्षे विद्यार्थ्यांसह या चित्रांच्या नकला करीत होते. त्यांनी या चित्राची अपार स्तुती केली आणि 'मरणोन्मुख राजकन्या' हे नाव सर्वत्र रूढ झाले.

पण ती राजकन्या मरत नाही! पुढे अभ्यासकांनी कथा जुळवून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. ही नंदाची पत्नी सुंदरी. नंद हा बुद्धाचा सावत्र भाऊ. तो भिक्षू झाला. चित्रात एक सेवक नंदाचा मुकुट हातात घेऊन उभा आहे. त्याला काही बोलावे लागत नाही. धन्याविना परत आलेला मुकुट तिने पाहिला आणि ती कोसळली. एवढेच चित्र आहे. चित्रकाराने सारे स्पष्ट काढून ठेवले होते. पण पाहणाऱ्याला मुकुटाची गोष्ट ठाऊक नव्हती, म्हणून त्याने कलती मान पाहिली आणि मरण वाचले. खूण स्वच्छ असली तरी ती वाचणाऱ्याच्या माहितीप्रमाणे वाचली जाते. ही चूक केवळ साहेबांनी केली असे नाही. आपल्या घरांतून ती नित्य होत आली आहे, त्याकडे पुढे येतेच.

आपल्या पूर्वजांनी या विद्येला शास्त्र मानले होते. भरताच्या नाट्यशास्त्रात एका हाताच्या चोवीस व दोन्ही हातांच्या तेरा मुद्रा सांगितल्या आहेत. ते झाले रंगभूमीचे. पण कामसूत्रात ज्या चौसष्ट कला मोजल्या आहेत त्यांत 'अक्षरमुष्टिका-कथन' अशी एक कला आहे. मूठ व बोटे यांच्या खुणांनी अक्षरे सांगावयाची व गुप्त गोष्ट पोचवावयाची, अशी ती कला. चौसष्ट कलांत पाककला आहे, पुष्परचना आहे, आणि तेथेच शेजारी ही बोटांची बोलीही आहे. अर्थात ही कला चैनीची म्हणून नव्हे, तर पोटापाण्यासाठी टिकवली ती व्यापाऱ्यांनी.

ताव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात हिंदुस्थानात अनेकदा आला. दक्षिणेतील हिऱ्यांच्या खाणीवर त्याने व्यापाऱ्यांचा सौदा पाहिला व १६७६ साली छापलेल्या प्रवासवर्णनात तो लिहून ठेवला. दोघे समोरासमोर बसतात. एकजण शेल्याचे टोक दोघांच्या हातांवर टाकतो. सारा पंजा धरला म्हणजे हजार, एक बोट धरले म्हणजे शंभर, बोट मधल्या पेरापर्यंत धरले म्हणजे पन्नास, टोकाचे पेर धरले म्हणजे दहा. भोवती माणसे असून कोणास पत्ता लागत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे हे वर्णन मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून क्षणभर बसून राहिले. कारण तो शेला मी आपल्याच जिल्ह्यातल्या गुरांच्या बाजारात पाहिला होता.

वऱ्हाडात कापसाचे सौदेही असेच होत. अडत्या व खरेदीदार यांचे हात कापडाखाली जात, भाव ठरे, आणि ज्याच्या गाडीतील तो कापूस, तो शेतकरी बाजूला चिलीम ओढीत बसलेला असे. त्याला जो आकडा सांगावयाचा तो नंतर सांगत. वजन, हमाली, धर्मादाय म्हणून जे कापावयाचे ते कापीत. आपल्या कारंज्याला १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातील असा हा पहिला बाजार, म्हणून शेतमालाच्या व्यापारावरील पुस्तकांत कारंज्याचे नाव आजही येते. वऱ्हाड तेव्हा निजामाचे, पण कारभार इंग्रजांचा. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस रास्त भावात मिळावा, ही या व्यवस्थेमागची मुख्य काळजी होती. शेतकऱ्याचा कळवळा त्यात कितपत होता कोण जाणे. पुढे १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ च्या अहवालात साऱ्या देशात असे बाजार असावेत अशी शिफारस केली. महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा, आणि तो अमलात आला १९६७ साली. भाव उघड बोलीने, दहा माणसांच्या कानावर पडेल असा ठरावा, हे या साऱ्या खटाटोपाचे एक प्रमुख सूत्र. म्हणजे पाहा, बोलणे उघड्यावर आणण्यास ऐंशी वर्षे लागली! आणि तरीही गुरांच्या बाजारात दुपट्टा राहिलाच.

आता माझ्या मायची गोष्ट.

माझे वडील १९५७ साली वारले. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. पाठची भावंडे लहान. पुढच्या उन्हाळ्यात मायने बैलांची एक जोडी विकावयाचे ठरविले, कारण पेरणीला बियाणे नव्हते व दोन जोड्यांचा चारा परवडत नव्हता. जोडी उमरडा वाणाची, पांढरीशुभ्र, एकाचे शिंग जरा वाकडे. गावाहून चार कोसांवर बाजार होता. माय, मी आणि आमचा गडी पहाटे निघालो. घरच्या ओळखीचा म्हणून एक दलाल ठरविला होता. त्याचे नाव सांगत नाही. त्याची मुलेबाळे सुखात नांदोत.

लिंबाच्या झाडाखाली आम्ही बसलो. गिऱ्हाईक आले. त्याने बैलांचे दात पाहिले, पाठीवर थाप मारली, चालवून पाहिले. मग दलालाने खांद्यावरचा दुपट्टा काढला व दोघांचे हात त्याखाली गेले. वर तोंडाने चालले होते ते निराळेच. "छे छे, हे काय बोलणे!" "अहो, शिंग पाहा!" असा आरडाओरडा. दोन-तीनदा रागाने हात बाहेर निघाले व पुन्हा आत गेले. शेवटी दलाल मायजवळ आला व म्हणाला, "वहिनी, तीनशे साठ. याउपर कोणी देणार नाही."

मायने हाताकडे पाहिलेच नव्हते. ती सारा वेळ तोंडांकडे पाहत होती. गिऱ्हाईक आकडा ऐकून ना खट्टू झाले होते, ना खूश. त्याने कमरेच्या कशाची गाठ केव्हाच सोडली होती आणि दलाल मायशी बोलताना तिच्याकडे न पाहता बैलांकडे पाहत होता. एवढ्यावरून ती काय समजायचे ते समजली. ती उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि म्हणाली, "भाव तोंडानं सांगा, बाप्पा. चार मानसाईसमोर सांगा."

आसपासची माणसे हसली. कोणी म्हणाले, बाईमाणसाला बाजाराची रीत काय ठाऊक. दलालाने दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला आणि तो निघून गेला. दुसरा कोणी आमच्या जोडीकडे फिरकला नाही. सूर्य कलल्यावर आम्ही बैल घेऊन परत चार कोस चालत आलो. महिन्याभराने गावातल्याच एका शेतकऱ्याने ती जोडी नेली. तीनशे चाळीस रुपये आले. म्हणजे हट्टापायी वीस रुपये गेले, असे भाऊबंदांनी कितीतरी दिवस ऐकविले. दुपट्ट्याखाली त्या दिवशी खरे किती ठरले होते ते आम्हांस कधीच कळले नाही. तीनशे साठही असेल. दलालावर उगाच आळ घेतला असेल. पण ज्याने हात झाकून ठेवला त्याच्यावर संशय आला तर चूक कोणाची, असे मला आजही वाटते.

पुढे दिवाळीला मामा आले. त्यांना ही हकिकत कळली तेव्हा त्यांनी कंदिलाच्या उजेडात मायचा हात हाती घेतला, वर उपरणे टाकले आणि खुणा समजावून दिल्या. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, सारा पंजा म्हणजे पाच. पंजा धरून सोडला व पुन्हा एक बोट धरले म्हणजे सहा. बोटाचे अर्धे पेर दाबले म्हणजे अर्धा. शेकडा की दहा ते बैलाकडे पाहूनच कळते. बाजाराबाजारात थोडा फेर असतो, पण मूळ हेच. मायने सारे ऐकले, एकदा उलट करून दाखविले आणि म्हणाली, "मंग हे त शिकाले घडीभर बी नाई लागत."

खरेच लागत नव्हती. त्या विद्येत अवघड काहीच नव्हते. अडचण एवढीच की परक्या पुरुषाच्या हातात बाईने हात द्यावयाचा नाही. म्हणून जिच्या गोठ्यातला बैल तिने दलालाच्या तोंडाकडे पाहत बसावयाचे. बाजारातल्या कोणत्याही पाटीवर 'स्त्रियांना मनाई' असे लिहिलेले नव्हते. ते काम दुपट्टाच करीत होता.

पण तोंडे वाचण्याची ही नजर मायला कोठून आली? बाजारातून नव्हे, घरातूनच. आमचे एकत्र कुटुंब होते. ओसरीवर सासरे, चुलत सासरे, दीर. मधल्या दारापलीकडे बायका. नवऱ्याचे नाव घ्यावयाचे नाही, वडिलांसमोर त्याच्याशी बोलावयाचे नाही. मग काकू दाराची कडी हलके वाजवीत. एकदा वाजविली तर पाणी तापले, दोनदा वाजविली तर आत या. आमच्या आजोबांना कान होते, पण कडीचा आवाज त्यांना कधी ऐकू आला नाही! सासूबाईंनी ताटाकडे नुसते पाहिले की मीठ वाढावयाचे राहिले हे सुनेला कळे. पाहुणी उठत नसेल तर कुंकवाचा करंडा पुढे आणून ठेवला की ती आपणच पदर सावरी. दारी अक्षत आली की लग्नाचे निमंत्रण, आणि कोणाच्या घरची अक्षत आपल्या दारी आली नाही की तेही एक सांगणेच. ज्यांना मोठ्याने बोलावयाची परवानगी नसते त्या दुसऱ्याच्या भुवया वाचावयास शिकतात. पुरुषांना ही विद्या कमी येते असे आपण बायका थट्टेने म्हणतो. त्यांना ती शिकावीच लागली नाही, इतकाच त्याचा अर्थ असावा.

या विद्येतही 'मरणोन्मुख राजकन्ये'सारखी चूक होते, आणि ती महाग पडते. मला पाहावयास पाहुणे आले तेव्हा मी मान खाली घातली. घरच्या वडील माणसांनी ती संमती म्हणून वाचली. मी मान खाली घातली होती ती शाळा सुटणार म्हणून डोळ्यांत पाणी आले होते ते दिसू नये यासाठी. माझा संसार चांगला झाला, तक्रार नाही. पण मौन म्हणजे संमती हे वचन ज्याने केले त्याने एखाद्या मुलीला विचारून केले असेल असे मला वाटत नाही.

आणखी एक खूण लिहावी की न लिहावी या विचारात मी होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताट एकीकडून दुसरीकडे फिरते. मायपाशी आले की ते थांबत नसे, पुढे जाई. कोणी अपशब्द बोलत नसे, उलट हसून विचारपूस करीत. फक्त एक हात तिला ओलांडून जाई. माय पुढे पुढे अशा वेळी आत चुलीपाशीच बसू लागली. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवांसंबंधीच्या अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सांगितले. ते वाचून मला आनंद झाला. आपल्या मंडळाच्या मागल्या हळदीकुंकवात ताट कोणाकोणापुढे थांबले हे आपण सर्वांनी पाहिले आहे, तेव्हा त्यावर अधिक लिहीत नाही.

माय १९९१ साली अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली. वाचा गेली. उजवा हात गेला, डावा राहिला. पहिले काही दिवस तिला काय हवे ते आम्हांस कळेना. ती चिडे, डोळ्यांतून पाणी काढी. एके दिवशी तिने माझा हात आपल्या पांघरुणात ओढून घेतला आणि माझी दोन बोटे धरली. मला एकदम मामांचा कंदील आठवला. "दोन?" मी विचारले. तिने डोळे मिटून हो म्हटले. दोन उशा हव्या होत्या. त्यानंतर आमचे बरे चालले. किती वाजले, जेवावयास किती माणसे आहेत, किती नातवंडे शाळेतून आली, असल्या घरातल्या साऱ्या चौकशा ती बोटांवर करी. घरात दुसऱ्या कोणाला ही बोली येत नसल्यामुळे मला तिच्यापासून हलता येत नसे, हेही खरे.

श्रावण संपत आला होता. एका सकाळी तिने माझी चार बोटे धरली. चार वाजता काही हवे का? नाही. चौघा भावंडांना बोलावू? नाही. चार पोळ्या? तिने वैतागून हात सोडला. दिवसभर असे चालले. मी चार म्हणता येईल ते सारे म्हणून पाहिले. संध्याकाळी माझी धाकटी मुलगी शेजारच्या पोरांबरोबर भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी काही मोजत होती आणि ओरडली, "आजी, पोळ्याला चारच दिवस राहिले!" मायने डोळे मिटले.

घरी तेव्हा बैल नव्हते, शेत केव्हाच ठोक्याने दिले होते. तान्ह्या पोळ्यासाठी पोरे लाकडी बैल घेतात तशी एक पांढरी जोडी मी बाजारातून आणली. शिंगांना बेगड लावली, पुरणाचा नैवेद्य दाखविला आणि ती जोडी तिच्या उशाशी, डाव्या हाताला लागेल अशी ठेवली.